वेळ एकत्र, कागद वेगळे : मोबाईलवर कामाची आणि घराची घडी बसवताना या चुका टाळा

मे महिन्यातला आमचा दिवस कसा असतो ते आधी सांगते. सकाळी सहाला आंब्याच्या पेट्या भरायला गडी येतात. आठला होमस्टेच्या दोन्ही खोल्यांत चहा-नाश्ता जातो. अकराच्या आत पुण्याच्या एका दुकानदाराचे जीएसटीचे हिशेब लॅपटॉपवर पुरे करून पाठवायचे असतात, आणि त्यातच सासूबाईंना दापोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं. कामाचा फोन मी पडवीत बसून घेते तेव्हा मागे स्वयंपाकघरात पाहुण्यांचे मोदक उकडत असतात. घर कुठे संपलं आणि कामाची जागा कुठे सुरू झाली, हे आमच्याकडे दाखवता येत नाही.

आमच्या तालुक्यातल्या समुद्रकाठच्या गावांत अशी पुष्कळ घरं आहेत. गेली काही वर्षं बचत गटातल्या बायकांना आणि शेजाऱ्यांना मी ही घडी बसवून देते आहे : कॅलेंडर, फाईली, नोंदी, फोटो. बिघडतं ते बहुतेक वेळा ठरलेल्या जागीच. सगळ्यांत मोठी चूक अशी, की वेळ दोन-तीन ठिकाणी लिहिली जाते आणि कागद मात्र एकाच ढिगात पडतात. व्हायला हवं याच्या उलट. दिवस एकच आहे, तो जगणारं माणूस एकच आहे, म्हणून कॅलेंडरही एकच हवं. कागदांचं तसं नाही. पाहुण्याचं आधारकार्ड आणि मुलीची गुणपत्रिका एका फोल्डरात असण्याचं काही कारण नाही.

बुकिंग वहीत, डॉक्टर भिंतीवर, काम लॅपटॉपवर

लक्षण ओळखायला सोपं आहे. "अगं, त्या दिवशी तर आपल्याला लग्नाला जायचंय" हे वाक्य घरात महिन्यातून दोनदा ऐकू येतं.

यावर उपाय एकच : फोनमधलं कॅलेंडर हीच खरी नोंद, बाकी सगळी टिपणं कच्ची. गुगल कॅलेंडरमध्ये एकाच खात्यात वेगवेगळ्या रंगांची कॅलेंडरं करता येतात. माझी तीन आहेत, घर, पाहुणे आणि बाग. ती एकाच पडद्यावर एकावर एक दिसतात, त्यामुळे फवारणीच्या दिवशी चार पाहुणे घेतले जात नाहीत. घरच्यांना पूर्ण कॅलेंडर शेअर करा. बाहेरच्या माणसाला शेअर करायचंच असेल, तर फक्त 'व्यस्त' की मोकळे एवढंच दिसेल असा पर्याय तिथे आहे. सासूबाईंचा डॉक्टर पुण्याच्या दुकानदाराला दिसायची गरज नाही.

घरातल्या मोठ्या माणसांना भिंतीवरचं कॅलेंडरच हवं असतं, आणि ते असू द्यावं. दर रविवारी मी पुढच्या आठवड्याच्या नोंदी फोनवरून त्यावर उतरवते. उलट दिशेने कधी नाही. भिंतीवर आधी आणि फोनवर नंतर असं सुरू झालं की पुन्हा दोन कॅलेंडरं झालीच.

गणपतीला 'दरवर्षी' लावणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिचा त्रास पाहुण्यांना झाला. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मी कॅलेंडरमध्ये 'गणपती' लिहिलं आणि 'दरवर्षी' हा पर्याय लावून मोकळी झाले. २०२५ ला चतुर्थी आली २७ ऑगस्टला. कॅलेंडरमध्ये ऑगस्टचा शेवट रिकामा दिसत होता, म्हणून मी दोन्ही खोल्या एका कुटुंबाला दिल्या होत्या. त्याच खोल्यांत दरवर्षी मुंबईहून येणारे दीर-जाऊ आणि मुलं उतरतात. त्या कुटुंबाला ऐनवेळी दुसरीकडे सोय करून द्यावी लागली.

ही कॅलेंडरं इंग्रजी तारखेवर चालतात, आपले सण तिथीवर. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला जाते. शिमगा, नवरात्र, घरातली श्राद्धं, सगळ्यांचं हेच. तेव्हा 'दरवर्षी' हा पर्याय वाढदिवसाला, विम्याच्या हप्त्याला, घरपट्टीला ठेवा. तिथीच्या गोष्टी नवीन पंचांग हाती आलं की एका बैठकीत हाताने भरा. अर्धा तास पुरतो.

काही तारखा तर पंचांगातही नसतात. माझं माहेर मालवणकडचं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, ती कोणतंही ॲप आधी सांगू शकत नाही. अशासाठी मी डिसेंबरच्या पहिल्या तारखेला एक आठवण लावली आहे : 'जत्रेची तारीख विचार'. ज्या गोष्टीची तारीख माहीत नाही, ती विचारायची तारीख मात्र आपल्याला लावता येते.

सातबारा आहे, पण सापडत नाही

विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. त्यामुळे '७/१२' असं नाव देताच येत नाही. मग कोणी ७-१२ लिहितं, कोणी ७१२, कोणी सातबारा, कोणी रोमन अक्षरांत. एकाच घरात चार नावं झाली की शोधणारा एक नाव टाकतो आणि फाईल दुसऱ्या नावाने पडून असते. आकड्यांचंही तेच, मराठी आकडा टाकून इंग्रजी आकड्याची फाईल सापडेल याचा भरवसा धरू नका. कुठले आकडे वापरायचे ते घरात एकदाच ठरवा.

माझी पद्धत अशी : आधी वर्ष-महिना-दिवस, मग कागदाचं नाव, मग कोणाचं किंवा कुठलं. '२०२४-०६-१२ सातबारा वरची बाग'. वर्ष पुढे असलं की फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. आपल्याकडच्या जमिनींवर सात-आठ जणांची नावं असतात आणि एकच कागद तीनदा काढला जातो, त्यामुळे कुठली प्रत ताजी हे नावातच दिसलं पाहिजे.

सातबाऱ्याची प्रत जपण्यापेक्षा गाव, गट नंबर आणि खाते नंबर एका नोंदीत जपणं मला जास्त मोलाचं वाटतं. डिजिटल सहीचा ताजा उतारा ऑनलाईन काढता येतो, पण गट नंबरच आठवत नसेल तर तेही अडतं. खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार हे मात्र नीट उजेडात स्कॅन करून ठेवाच.

अजून एक अडचण नेहमी येते. टायपिंगवाल्याकडून आलेली फाईल फोनवर उघडली की निरर्थक अक्षरं दिसतात. फाईल खराब झालेली नसते. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते आणि तो फॉन्ट आपल्या फोनवर नसतो. टायपिंगवाल्याकडून युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांतली, प्रत मागून घ्या, नाहीतर ती फाईल पुढे कधीच शोधता येणार नाही.

व्हॉट्सअपलाच कपाट समजणं

आंब्याच्या ऑर्डरी व्हॉट्सअपवर येतात, त्यात गैर काही नाही. त्या तिथेच राहतात, तिथे घोळ सुरू होतो. "ताई, मागच्या वर्षीसारख्याच दोन पेट्या" असा निरोप येतो आणि मागच्या वर्षी चार डझनाची पेटी पाठवली होती की सहाची, हे शोधायला वर्षभराच्या शुभ सकाळीतून जावं लागतं. फोन बदलला आणि बॅकअप नसला तर तेही हाती लागत नाही.

एक साधी शीट करा. रकाने एवढेच : तारीख, नाव, गाव, किती डझन, ठरलेला दर, पैसे आले का, कुठल्या गाडीने पाठवलं, पोचल्याचा निरोप. ऑर्डर आली की पेटीला हात लावण्याआधी ओळ भरायची. माझे यजमान आधी म्हणायचे की हे दुप्पट काम आहे. पुढच्या हंगामात एकाच कुटुंबाला चुकून दोनदा पेट्या जाता जाता राहिल्या, कारण आधीची ओळ शीटमध्ये होती. तेव्हापासून तेच आधी शीट उघडतात.

पाहुण्यांच्या ओळखपत्रांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. व्हॉट्सअपवर आलेला आधारचा फोटो गॅलरीत उतरतो, तिथून घरच्या फोटोंच्या बॅकअपमध्ये जातो आणि मुलीच्या वाढदिवसाचे फोटो कोणाला दाखवताना मधेच समोर येतो. लोक विश्वासाने कागद देतात. शक्य तिथे मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्या चॅटची मीडिया गॅलरीत येणार नाही अशी सेटिंग करा. ओळखपत्रांचं फोल्डर वेगळं ठेवा आणि 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय त्याला कधीही लावू नका.

जागा संपली म्हणून दिसेल ते पुसणं

गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळते, आणि ती जीमेल, ड्राईव्ह आणि फोटो यांत मिळून एकच असते. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअप बॅकअपसुद्धा. ही जागा भरली की मेल येणं थांबतं. "पुण्याहून मेल पाठवला म्हणतात, मला मिळालाच नाही" अशी तक्रार आली की मी आधी जागा तपासते.

घाबरून फोटो पुसू नका. गुगल फोटोमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तर तो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही. फोन हलका करायचा असेल तर 'जागा मोकळी करा' हा वेगळा पर्याय आहे, त्याने खात्यातली प्रत राहते. चुकून पुसलंच असेल तर लगेच बिन, म्हणजे पुसलेल्या गोष्टींची कचरापेटी, उघडा : बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात, ड्राईव्हमधल्या फाईली ३० दिवस. व्हॉट्सअप बॅकअपमधून व्हिडिओ वगळले की बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

दर महिन्याला नवं ॲप

थोडक्यात सांगते. दिसायला सुंदर म्हणून ॲप बदलू नका. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत खात्याला ५० नोंदींची मर्यादा घातली तेव्हा कित्येकांची अडचण झाली. कुठलंही ॲप घेण्याआधी त्यातून आपल्या नोंदी बाहेर काढता येतात का, एवढं बघा. कॅलेंडर, एक नोंदवही, एक ड्राईव्ह यापलीकडे आमच्यासारख्या घराला लागत नाही.

आगोट न भरणं

पावसाआधी आपण लाकडं, तांदूळ, सुकी मासळी भरून ठेवतो. फाईलींची आगोट मात्र कोणी भरत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पोफळी आणि माड आडवे झाले, विजेचे खांब पडले, कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. लॉकडाऊनमुळे रद्द झालेल्या बुकिंगचे आगाऊ पैसे मला त्याच दिवसांत परत करायचे होते. कोणाला किती द्यायचे, ती यादी फक्त ऑनलाईन शीटमध्ये होती. फोन गाडीवर चार्ज करायचा, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढून रेंज शोधायची, आणि तिथे उभं राहून कागदावर आकडे उतरवायचे, असं मी केलं.

आता मृगाच्या आधी एक दुपार यासाठी ठेवते. ड्राईव्हच्या ॲपमध्ये महत्त्वाच्या प्रत्येक फाईलला 'ऑफलाइन उपलब्ध करा' हे लावते. मग फोन विमान मोडवर टाकून त्या खरंच उघडतात का, ते एकेक करून बघते. हे बघणं बहुतेक जण सोडून देतात. बुकिंगची यादी आणि वीस महत्त्वाचे फोन नंबर कागदावर छापून घेते. पॉवर बँक भरलेली असते.

किल्ली एकाच फोनमध्ये

ज्या फोनवर ओटीपी येतो तोच समुद्रात पडला, की सगळं असूनही आत जाता येत नाही. गुगलची दोन टप्प्यांची पडताळणी लावली असेल तर १० बॅकअप कोड मिळतात, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून लॅमिनेट केलेल्या पाकिटात ठेवा. आमचं पाकीट देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे आणि ते कुठे आहे हे घरातल्या तिघांना ठाऊक आहे. खातं काही महिने वापरात नसेल तर विश्वासातल्या माणसाला माहिती पोचवण्याची सोयही गुगलमध्ये आहे. ३ ते १८ महिन्यांपर्यंतची मुदत निवडता येते. वडीलधाऱ्यांच्या खात्यांना ती लावून द्या.

आणि एक प्रत घराबाहेर हवीच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या मावशीकडे कपाटातले कागद आणि टेबलावरचा लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी भिजले. तेव्हापासून आमच्याकडे गौरी-गणपतीला दीर आले की त्यांच्या हातात पेनड्राईव्ह देते, पासवर्ड लावून. मागच्या वर्षीचा परत येतो, नवा मुंबईला जातो.

घडी आधीच विस्कटली असेल तर

जुनं आवरायला बसू नका, त्यात पंधरा दिवस जातात आणि मग सगळंच सोडून दिलं जातं. 'जुनं' नावाचं एक फोल्डर करा आणि आतापर्यंतचं सगळं त्यात उचलून टाका. आजपासूनच्या फाईलींना नवी नावं द्या. जुन्यातली फाईल जेव्हा खरंच लागेल तेव्हा ती शोधा, तिला नीट नाव द्या आणि योग्य फोल्डरात हलवा. पहिल्या दिवशी कॅलेंडर एवढंच हातात घ्या, आणि त्यात येत्या दोन महिन्यांची बुकिंगं, औषधपाण्याच्या तारखा आणि मुलांच्या परीक्षा भरा. ऑर्डरींची शीट पुढच्या आठवड्यात केली तरी चालेल.