मागो रॅकवर वाळत घालावा

वाइनवर पहिल्यापहिल्यांदा लिहिणाऱ्यांची नावं पाठ करायला जाऊ नका, राहत नाहीत. धाकट्यानं वाइन बनवण्याचा कोर्स केला तेव्हा त्याच्या वह्या मी चाळायची. सकाळी वाचलेलं नाव संध्याकाळी धारा काढेपर्यंत गेलेलं असायचं. मग मी नावं कामाला बांधायला लागले. सांगलीकडच्या सावळजला आमची अडीच एकर गणेश जातीची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचं शेड, तेव्हा माझा हिशेब तिथलाच.

सुरुवातीला एकच माणूस धरा. मी मागोला धरलं. हा कार्थेजचा, म्हणजे आजच्या ट्युनिशियातला. शेतीवर त्यानं २८ भाग लिहिले होते. इसवी सनापूर्वी १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज उद्ध्वस्त केलं, तिथली ग्रंथालयं आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली, पण मागोचे भाग मात्र लॅटिनमध्ये उतरवून घ्या असा ठराव रोमच्या सिनेटनं केला. वैऱ्याचं पुस्तक, तरी! आज मूळही नाही आणि ते भाषांतरही नाही. दुसऱ्यांनी ‘मागो असं म्हणतो’ म्हणून जे लिहून ठेवलं, तेवढाच मागो उरला.

म्हणून पुढचं काम, त्याचं नाव घेणारा शोधायचा. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन लेखकानं शेतीवर १२ भाग लिहिले. त्यातल्या बाराव्यात वाळवलेल्या द्राक्षांच्या वाइनची मागोची रीत आहे, आणि ती सांगताना तो म्हणतो, मीही तशीच केली. एवढ्या दोन शब्दांसाठी मला कोलुमेला आवडला. नुसती उतरवून घेतली नाही, करून बघितली.

रीत अशी: लवकर पिकलेली चांगली द्राक्षं तोडायची, बुरशी आलेले मणी काढून टाकायचे. चार-चार फुटांवर मेढी रोवून वर आडव्या काठ्या, त्यावर बोरू पसरायचे. घड उन्हात घालायचे आणि रात्री झाकायचे, दव पडू नये म्हणून. वाळल्यावर मणी तोडून रांजणात भरायचे आणि बुडतील इतका ताजा रस ओतायचा. सहाव्या दिवशी फुगलेले मणी टोपलीत घालून दाबायचे.

हे वाचलं तेव्हा मी शेडमध्येच बसले होते. समोर आमच्या रॅक. बोरूच्या जागी जाळी, आणि एकावर एक मजले, एवढाच काय तो फरक.

तर फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरला की एक क्रेट बाजूला ठेवा. त्याला डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी लावू नका, मागोच्या रितीत ते नाही. त्या पाण्यानं सालीवरचं मेण सुटतं आणि बेदाणा १२ ते १५ दिवसांत तयार होतो. माझ्या कोऱ्या घडांना २३ दिवस लागले, आणि रंग आला काकवीसारखा. व्यापारी हात लावणार नाही असा. चव मात्र वेगळीच, जरा आंबूस आणि खोल.

रात्री झाका. पहिल्या वर्षी मी झाकलं नाही; म्हटलं, मार्चात कसलं आलंय दव. तिसऱ्या रात्री अवकाळी आला. सकाळी सासरे, म्हणजे मामा, रॅककडं बघून म्हणाले, “तुझा तो मागो सांगून गेला होता ना?” क्रेट गेला, पण नाव मामांच्या तोंडात बसलं.

रसात घालायचं मात्र घरी करू नका, त्याला परवाना लागतो. आम्ही बेदाण्यावरच थांबतो.

बाकीच्यांना कॅलेंडरवर टाका. पॅरिसचा वाइन व्यापारी आंद्रे ज्युलियँ मी बेदाण्याच्या सौद्याच्या दिवशी लिहिते. १८१६ मध्ये त्यानं ठाऊक असलेल्या जगातले द्राक्षमळे एका पुस्तकात मांडले आणि वाइनची प्रतवारी लावली; आमचाही माल त्या दिवशी प्रतवारीलाच बसतो. इंग्रज पत्रकार सायरस रेडिंग, पुस्तक १८३३ चं, भेसळीवर चिडणारा. पोर्ट या पोर्तुगालच्या वाइनमध्ये ब्रँडी ओतणंसुद्धा त्याला खपत नसे. बेदाण्याला गंधकाची धुरी देताना त्याची आठवण काढते आणि जरा बेतानंच देते. ऑक्टोबर छाटणीला आमचे बोरगावचे वसंतराव आर्वे. गणेश जात त्यांनी निवडली. तिचं पूर्ण नाव ‘तास-ए-गणेश’, त्यातला ‘ए’ आम्ही आर्व्यांचाच समजतो. त्यांचं लिहिलेलं माझ्या हाती लागलं नाही, पण एका अक्षरात राहिले.

जे लिहाल त्याच्या दोन प्रती करा, आणि कोणी कोणाबद्दल सांगितलं तेही टिपा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची पुस्तकं भिजलेली आपण पाहिलीत. माझी एक वही घरात असते, दुसरी धाकट्याकडं.

यंदाचा क्रेट नीट निघाला. डब्यावर मी खडूनं ‘मागो’ लिहिलंय. पाडव्याच्या शिऱ्याला आत्याबाईंनी आतून हाक मारली, “अगं, मागो कुठं ठेवलायस?”