ब्लाऊजची मार्जिन संपली तेव्हा

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. २६ वर्षं झाली. मापांच्या ११ वह्या भरल्यात, आणि गल्लीतल्या कुठल्या बाईची कंबर कोणत्या साली किती होती ते मी तिच्या नवऱ्यापेक्षा अचूक सांगेन. स्वतःचं माप मात्र मी कधी वहीत लिहिलं नव्हतं. शिवताना आत इंचभर मार्जिन सोडायची आणि अंग सुटलं की उसवायची, एवढाच हिशेब. गेल्याच्या गेल्या दिवाळीला मोरपंखी ब्लाऊज उसवायला घेतला तर आत कापडच उरलेलं नव्हतं. तीनदा उसवून झालं होतं. टेप लावली. कंबर साडेअडतीस. मग काट्यावर उभी राहिले, ७६ किलो. उंची पाच फूट एक इंच.

आज कंबर ३४ आणि वजन ६८ आहे. दहा महिने लागले. म्हणजे मी अजूनही जाडच आहे, पण दुपारी चार वाजता मशीनवर डोकं टेकत नाही. गिऱ्हाइकं विचारतात, काकू काय केलंत? दर वेळी ट्रायल थांबवून सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

पहिलं काम टेपचं. काट्याच्या आधी टेप, कारण पोटाचा घेर काट्याला कळत नाही. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांसाठी ९० म्हणजे साडेपस्तीस इंच, याच्या पुढे गेलं की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो असं डॉक्टर मानतात. आता माप कसं घ्यायचं ते माझ्याकडून ऐका, हा माझा धंदा आहे. परकराची नाडी जिथे बांधता ती कंबर नव्हे. कडेला बोटाने चाचपा. शेवटची बरगडी संपते आणि खाली कमरेचं हाड सुरू होतं, त्या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप यायला हवी. कपड्यावरून घेऊ नका. सरळ उभं राहा, श्वास सहज सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. माझ्या दुकानात निम्म्या बायका टेप आली की पोट आत ओढतात आणि वर म्हणतात, "जरा सैल घ्या हं." घरी असलं काही करायचं नाही. टेप मागून वर चढलेली नाही ना, हे आरशात बघायचं. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, खाण्याआधी. आणि जुनी कापडी टेप वापरू नका, ती ताणून लांब होते. दुकानातली माझी एक टेप पट्टीला लावून पाहिली तर अर्ध्या इंचाने खोटं बोलत होती.

दुसरं काम रक्ततपासणीचं, आणि हे मी उशिरा केलं याचा मला राग येतो. थकव्याला मी वयाचं नाव दिलं होतं. शेजारच्या बाईंच्या ओळखीने एका पावडरचा डबा घेतला, दोन जेवणांऐवजी शेक प्यायचा म्हणे. तीन आठवड्यांत दोन किलो गेले, पुढच्या महिन्यात तीन परत आले, पैसे गेले ते गेलेच. मग डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ बघायला लावलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला होता. तेव्हा तुम्हाला जिना चढताना धाप लागत असेल तर आधी रक्त बघा, आहाराचा तक्ता नंतर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलाच, साखर एकदम खाली जाते.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चहाची गोष्ट निघाली. दुकानात सहा चहा व्हायचे. गिऱ्हाईक आलं की एक, कापड बेतून झालं की एक. जेवल्यावर तर लगेच. चहातल्या टॅनिनमुळे धान्य-डाळी-पालेभाज्यांतलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एक तास ठेवायचा. लोहाची गोळीही चहा-दुधाबरोबर नको. उलट लिंबू, आवळा, पेरू बरोबर असला की लोह चांगलं शोषलं जातं. वरणावर लिंबू पिळायची पद्धत आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

आता साखर मोजा. सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे बारा. चमच्यात पाच ग्रॅम धरले तर ६० ग्रॅम, आणि ग्रॅमला चार कॅलरी, म्हणजे दिवसाला २४० कॅलरी. अडीच-तीन पोळ्या मी नुसत्या पीत होते. एकदम बिनसाखरेचा चहा करायला गेलात तर चौथ्या दिवशी हराल. मी दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी केली. आता दोन कप, अर्धा चमचा. बाकीच्या वेळी पाणी किंवा पातळ ताक, जिरं घालून.

खरी लढाई मात्र चार ते आठची. दुपारी एकला जेवण, रात्री साडेनऊला पुन्हा. मधल्या वेळात खारी, फरसाण, कुणी आणलेली बाकरवडी. पुण्यात दुकान चालवायचं आणि बाकरवडीला नाही म्हणायचं हे अवघड आहे, मी म्हणतही नाही. फक्त ती बरणीत माझ्या हाताशी असायची, ती आता वरच्या फळीवर, अस्तराच्या गठ्ठ्यामागे आहे. स्टूल घेऊन चढावं लागतं. चार वाजता मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा काकडी. कधी उकडलेलं अंडं, पण ते सासूबाईंपासून लपून. फुटाणे पोटात टिकतात, खारी टिकत नाही.

रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं. पदार्थ तेच ठेवले, ताटातली जागा बदलली. पूर्वी चार पोळ्या, डावभर भाजी आणि वरण इतकं पातळ की त्यात डाळ शोधावी लागे. आता उसळ किंवा घट्ट वरण आधी वाढून घेते, मग भाजी, कोशिंबीर आणि शेवटी एक ज्वारीची भाकरी किंवा दोन पोळ्या. प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम तरी लागतात. ३० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सातेक ग्रॅम मिळतात, अंड्यात सहा. ती कमी पडली की वजनाबरोबर स्नायूही झडतात आणि अशक्तपणा येतो. नुसतं सूप पिऊन बारीक होणाऱ्यांचे गाल का बसतात ते मी ट्रायलरूममध्ये पाहिलंय.

तेलाचं तर किराणाच्या यादीवरूनच कळलं. तिघांत महिन्याला चार लिटर, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे ३६० नुसत्या फोडणीच्या. बरणीतून ओतायचं बंद केलं, चमच्याने घालायला लागले. आता अडीच लिटर. तळण बंद केलेलं नाही, रविवारपुरतं ठेवलंय.

उपासाबद्दल एक सांगते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण साबुदाण्याला पक्की बसते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप, दाण्याचं कूट, वर बटाटा. मी उपास सोडले नाहीत, भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक असं करते. श्रावणात सासूबाईंनी नाक मुरडलं. पण आमटी दोनदा घेतली.

आणि दुधीचा रस. सकाळी दुधीचा रस प्या, चरबी वितळते, असं मला आठवड्यातून एक जण तरी सांगतं. चरबी कशानेच वितळत नाही, ना दुधीने, ना जिऱ्याच्या पाण्याने, ना मधाने. शिवाय कडू निघालेल्या दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. असा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झालेली, जीव गेलेली माणसं आपल्या देशात आहेत. दुधी चिरताना एक फोड चाखा. कडू लागली तर थुंका आणि दुधी फेकून द्या, शिजवूनही भरवसा नाही.

चालण्याकडे येते. आठ वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून पायमशीनला मोटर बसवली. दिवसभर चालणारे पाय थांबले, आणि माझा संशय असा की घेर तिथूनच वाढला. मोटर काढली नाही, धंदा आहे. पण दर बॉबिन भरली की उठायचं असा नियम केला, दुकानाच्या दारापर्यंत जाऊन यायचं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, दिवसातून तीनदा. काज-बटणाला येणारी मुलगी आधी हसायची, आता मोजते.

सकाळी सारसबागेवरून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाते. पर्वतीच्या पायऱ्या १०३. पहिल्या दिवशी चाळीसवर बसले आणि माझ्या आईच्या वयाच्या एक आजी "चला, होतंय" म्हणत पुढे गेल्या. दोन आठवडे नुसतं सपाटीवर चाला, मग पायऱ्या, त्याही आठवड्यातून तीनदा. चढताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. गुडघ्याला त्रास उतरताना होतो, म्हणून कठड्याच्या बाजूने, सावकाश. आठवड्याला १५० मिनिटं भरली की पुरे. रात्री जेवल्यावर हे आणि मी शतपावली घालतो, दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर चाललं की स्नायू साखर वापरतात आणि रक्तातली साखर कमी चढते. ह्यांचा वेग बघता शंभर पावलांनाच दहा मिनिटं लागतात.

गणपतीत सगळं बिघडलं. दहा दिवस मोदक, आरत्या, जागरण. नंतर सात आठवडे काटा ७१ वर अडकला आणि मी तो पलंगाखाली ढकलला. टेप मात्र त्या काळातही पाऊण इंच उतरली होती. लग्नसराईत पाच तास झोप मिळते, तेव्हा दुसऱ्या दिवशी भूक नुसती खवळते, हे लक्षात आल्यावर रात्री अकरानंतरची अर्जंट ऑर्डर घेणं बंद केलं. दोन गिऱ्हाइकं तुटली. महिन्याला एक किलोपेक्षा कमी गेलं तरी घाई करू नका, फार भराभर वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो.

आणि घेर उतरला म्हणून सगळे ब्लाऊज एकदम घट्ट करायला आणू नका. एकच आणा. मी त्याला आतून कच्चा टाका घालून देईन, तो तीन महिने वापरा, मग मशीन मारू. जास्तीचं कापड कापायचं नाही. माझा मोरपंखी तसाच कच्च्या टाक्यावर आहे, बाकीचे तेरा अजून कपाटात.