मंडईतल्या कोथिंबिरीपासून ऐरोलीच्या लोकलपर्यंत : विशेष शाळेच्या सहली कशा आखाव्यात

चाळीस मुलं, एक बस, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, बागेत डबा आणि चारला परत. अशी सहल वर्षातून एकदा जरूर काढावी, मुलं खूश होतात. पण दुकानात वस्तू मागणं, पैसे देऊन सुटे परत घेणं, गाडीत चढणं हे तिच्यातून शिकून होत नाही. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या बऱ्याच मुलांना वर्गात आलेली गोष्ट बाहेर आपोआप वापरता येत नाही. वर्गातल्या खोट्या नोटा बिनचूक ओळखणारा मुलगा भाजीवाल्यासमोर गप्प उभा राहतो, कारण तिथे आवाज असतो, मागे रांग असते आणि समोरचा माणूस अनोळखी असतो. म्हणून जे काम जिथे करायचं, तिथेच ते शिकवावं लागतं. त्यासाठी गट लहान हवा, जागा तीच हवी आणि फेऱ्या बऱ्याच हव्यात. आठवड्यातून एक फेरी, तीही एकाच ठिकाणी, सलग दोन महिने केली तर फरक दिसायला लागतो. पुढची आखणी ठाण्यातल्या १४ ते १८ वयाच्या पूर्वव्यावसायिक गटासाठी, म्हणजे कामधंद्याची पूर्वतयारी करणाऱ्या मुलांसाठी आहे. लहान मुलांसाठी यातले टप्पे आणखी छोटे करा.

गट आणि माणसं

सहा मुलं आणि चार मोठी माणसं. तिघांकडे दोन-दोन मुलं आणि चौथा पूर्ण मोकळा. नेमकी या मोकळ्या माणसावरच काटछाट होते आणि सहल तिथेच फसते. एकाला फिट आली, एकाला शौचाला लागली किंवा एकजण रस्त्यातच बसला, तर त्याच्याजवळ थांबायला कुणीतरी लागतं. बाकीच्या पाचांचं काम चालू राहिलं पाहिजे. चौघांत एक तरी पुरुष मदतनीस हवा. सोळा वर्षांच्या मुलाला ताईंनी बायकांच्या स्वच्छतागृहात नेणं त्याच्यासाठीही बरं नाही आणि तिथल्या बायकांसाठीही. मुलींच्या पिशवीत पॅड आणि एक जादा सलवार असू द्या. पळत सुटणारं मूल एका गटात एकच घ्यावं आणि ते त्याच्या रोजच्या ओळखीच्या माणसाकडेच द्यावं.

प्रत्येक मुलाचा अर्ध्या पानाचा कागद सोबत ठेवा : औषधं आणि त्यांच्या वेळा, फिटचा इतिहास, कशाची ॲलर्जी, गिळायला त्रास होतो का, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, लघवीला लागल्याचं कसं सांगतो, दोन पालकांचे फोन, युडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत. ओळखपत्र शर्टाच्या आत असावं. मोठ्या अक्षरातलं नाव छातीवर लटकवलं की कुणीही परका नावाने हाक मारतो आणि मुलाला तो ओळखीचा वाटतो. निघताना गटाचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा. मूल हरवलं तर 'आज त्याने काय घातलंय' हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. हा फोटो फक्त त्या कामासाठी. शाळेच्या पानावर टाकायचा असेल तर पालकांची लेखी संमती वेगळी घ्या आणि मुलालाही विचारा.

फिट आली तर घड्याळ बघा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि मुलाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. बाजारात कुणीतरी कांदा किंवा चप्पल घेऊन पुढे येतंच. त्यांना नम्रपणे बाजूला करणं हे मोकळ्या माणसाचं काम. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन करा.

भाजीवाल्याकडे आधी एकट्याने जा

पहिल्या फेऱ्या जांभळी नाक्यावर, म्हणजे ठाण्याच्या मोठ्या बाजारात नकोत. तिथे हातगाड्या, डोक्यावर पोती घेतलेले हमाल आणि गिऱ्हाइकांची रेटारेटी असते. शाळेजवळचा एखादा गाळा किंवा हातगाडी निवडा. जांभळी नाका नंतर, सकाळी साडेदहाच्या सुमारास. सणाच्या आधीच्या आठवड्यात अजिबात नाही.

मुलांना नेण्याआधी शिक्षकाने भाजीवाल्याशी दहा मिनिटं बोलावं. त्यांना तीन गोष्टी सांगायच्या. बोलायचं ते मुलाशी, आमच्याशी नाही. उत्तराला वेळ लागला तरी थांबायचं. आणि काही फुकट द्यायचं नाही. हे तिसरं फार महत्त्वाचं. 'राहू दे बाळा, पैसे नको' हे मायेपोटी येतं, पण त्यातून मूल शिकतं की हात पुढे केला की मिळतं. त्याला इतर गिऱ्हाइकांसारखंच वागवा, असं सांगितलं की बहुतेक भाजीवाले ते मनापासून पाळतात.

पहिल्या महिन्यात एका मुलाने एकच वस्तू घ्यायची. कोथिंबिरीची जुडी सगळ्यात सोयीची : वजन नाही, मोठी किंमत नाही आणि जवळजवळ प्रत्येक गाळ्यावर मिळते. काम असं तोडायचं :

१. यादीच्या चित्रावर बोट ठेवून वस्तू ओळखणं.
२. गाळ्यापुढे उभं राहणं, दुसरं गिऱ्हाईक असेल तर थांबणं.
३. 'एक जुडी कोथिंबीर द्या' म्हणणं. बोलता येत नसेल तर चित्रकार्ड दाखवणं.
४. जुडी हातात घेऊन बघणं.
५. 'किती झाले?' विचारणं.
६. नोट देणं.
७. हात पुढे ठेवून सुट्यांची वाट बघणं.
८. सुटे पाकिटात, जुडी पिशवीत ठेवणं.

चौथी पायरी घाईत उडून जाते. तिथे थांबा. चित्रातली कोथिंबीर ओळखणाऱ्या मुलासमोर खरी जुडी मेथीच्या आणि शेपूच्या शेजारी ठेवली की तो अडतो. आदल्या दिवशी वर्गात तिन्ही जुड्या आणा. पान चुरगळून वास घ्यायला लावा, देठ दाखवा. मेथीचं पान गोलसर आणि जाडसर, कोथिंबिरीचं कातरलेलं, शेपू दोऱ्यासारखा. जुडी उलगडून आत पिवळी, चिकट झालेली पानं आहेत का ते बघायला शिकवा आणि असतील तर 'दुसरी द्या' म्हणायची सवय लावा. नको म्हणता येणं हे पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं.

ज्याला सगळंच जड जातं त्याला शेवटाकडून शिकवा : पहिल्या सात पायऱ्या शिक्षकाने हात धरून करून घ्यायच्या, आठवी त्याने स्वतः. ती जमली की सातवी आणि आठवी. प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचा आनंद त्याच्या हातून येतो.

मदत द्यायच्या आधी मनात दहापर्यंत मोजा. आपल्याकडे शिक्षक फार बोलतात : 'पैसे दे, दे ना, हां, आता सुटे घे'. तोंडी सूचनेची सवय सोडवायला सगळ्यात कठीण. मूल पुढे त्या आवाजाचीच वाट बघतं. त्याऐवजी पाकिटाकडे नुसतं बोट दाखवा, तेही मागच्या बाजूने. शिक्षकाची जागा मुलाच्या मागे, भाजीवाला आणि मुलाच्या मध्ये नाही.

पैशांचं गणित

बेरीज येत नाही म्हणून खरेदी थांबवू नका. दहाच्या नोटा द्या आणि 'वरची एक दहा' शिकवा : किंमत चौतीस असेल तर तीन दहा आणि वर एक, म्हणजे चार नोटा. सुटे मोजता आले नाहीत तरी चालतं, घ्यायला विसरू नये एवढं पक्कं करा. खरी अडचण आकडा ऐकण्यात येते. एकोणतीस, सदतीस हे शब्द मुलांना आधीच जड जातात, त्यात ठाण्या-नवी मुंबईत भाजीवाला 'पैंतीस' किंवा 'चालीस' म्हणतो. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास हे मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे पक्के करा. आकडा कळला नाही तर कॅल्क्युलेटर पुढे करून 'यावर दाखवा' म्हणायला शिकवा. क्यूआर कोडने पैसे देणं नंतरचं. त्यात पिन पाठ करून गुप्त ठेवावा लागतो, आणि ते जमेपर्यंत खात्यात मोठी रक्कम ठेवू नये.

आणलेल्या भाजीचं त्याच दिवशी काहीतरी करा. भेळ उत्तम, गॅस लागत नाही. सहा जणांना पाव किलो कुरमुरे, दोन कांदे, दोन टोमॅटो, एक लिंबू, मूठभर कोथिंबीर, शेव आणि घरून आणलेली चिंचेची चटणी. चटणी शेवटी घालायची. आधी घातली तर सगळ्यांच्या वाट्या भरेपर्यंत लगदा होतो. गिळायला त्रास असलेल्या मुलाला शेंगदाणे आणि कोरडे कुरमुरे देऊ नका, त्याच्यासाठी दही-पोहे करा.

लोकल

ठाण्याला एक मोठी सोय आहे : ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या ९ आणि १० नंबर प्लॅटफॉर्मवरून इथूनच सुटतात, त्यामुळे त्या थोडा वेळ उभ्या असतात आणि चढायला उसंत मिळते. पहिला प्रवास ऐरोलीपर्यंतच करा. मध्ये फक्त दिघा गाव. मुलांना बोटांवर मोजता येतं. सकाळी ऑफिसला जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, साडेअकराच्या सुमारास निघा आणि दोनच्या आत परत या. रविवार टाळा, मेगाब्लॉक असू शकतो, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद. पावसाळ्यात हा धडा ठेवूच नका.

आधी शाळेत सराव. व्हरांड्याच्या पायरीला गाडीचा दरवाजा समजा, पुढे जमिनीवर खडूने फूटभर रुंद पट्टा आखा, ती फट. क्रम ठरलेला : पिवळ्या रेषेमागे उभं राहणं, उतरणाऱ्यांना उतरू देणं, दांडा धरणं, फट बघणं, पाय टाकणं, आत सरकणं. स्टेशनवर पहिल्या दिवशी गाडीत बसूच नका. पुलावर उभं राहून दोन-चार गाड्या बघा, घोषणा ऐका, परत या. भोंग्याला कानावर हात घेणाऱ्या मुलाला हेडफोन द्या आणि 'आधी गाडी, मग ऐरोली, मग डबा' असं चित्रांचं कार्ड हातात ठेवा. सरकत्या जिन्याला घाबरणाऱ्याला ओढू नका. साधा जिना किंवा लिफ्ट घ्या, सरकत्या जिन्याचा धडा वेगळ्या दिवशी.

मोकळा माणूस सगळ्यात शेवटी चढतो आणि शेवटी उतरतो. गट तुटलाच तर गाडीतल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना शोधत फिरायचं नाही. मूल दिसेनासं झालं तर लगेच स्टेशनवरच्या पोलिसांना सांगा आणि रेल्वेच्या १३९ ला फोन करा. परतताना ठाणं शेवटचं स्टेशन म्हणून निवांत बसू नका. जागा पकडायला लोक गाडी थांबायच्या आधीच आत शिरतात, त्यामुळे दारात उभं राहणं धोक्याचं. गर्दी आत येऊ द्या, मग उतरा. दिव्यांगांचा डबा आणि रेल्वेची सवलत वापरायची असेल तर त्या मुलाचं प्रमाणपत्र जवळ असलंच पाहिजे.

ऐरोलीला उतरून पुढे जायचं तर रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठता येतं. हिवाळ्यापासून मेपर्यंत खाडीत फ्लेमिंगो असतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करा आणि त्या वेळेवरून गाडी धरा. बोटीत लाइफ जॅकेट घालावं लागतं. छातीवर पट्टे आवळलेले सहन न होणारी मुलं तिथे किंचाळतात, तेव्हा आठवडाभर आधीपासून शाळेत जॅकेट रोज थोडा थोडा वेळ घालायला लावा.

वस्तीला उपयोगी पडणारं काम

दिवाळीच्या पणत्यांचा स्टॉल सगळेच लावतात आणि लोक दयेने घेतात. त्यापेक्षा वर्षभर कुणाला तरी लागणारी वस्तू बनवा. जवळच्या औषधांच्या दुकानाला लागणारी कागदी पाकिटं हे चांगलं काम आहे. खाकी कागदाचा तुकडा २६ बाय २० सेंटिमीटर. जाड पुठ्ठ्याचा साचा १२ बाय १८. साचा कागदावर ठेवून दोन्ही बाजू त्यावर दुमडायच्या, दोन सेंटिमीटर एकावर एक येतात, तिथे खळ लावायची. खालची दोन सेंटिमीटर वर दुमडून चिकटवायची, मग साचा ओढून काढायचा. खळ लावायच्या जागी आधी रंगीत पट्टी आखून ठेवा, नाहीतर साचाच आत चिकटतो.

खळीसाठी अर्धी वाटी मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा. टिकावी म्हणून काही जण मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं. मुलं बोटं तोंडात घालतात, तेव्हा ते अजिबात नको. रोज ताजी करा. चिकट हात सहन न होणाऱ्याला ब्रश द्या किंवा मोजणीवर बसवा : पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखलेले, प्रत्येकात एक पाकीट, सगळे भरले की रबरबँड.

ऑर्डर छोटी घ्या, आठवड्याला पन्नास. मोठी घेतली की शेवटच्या रात्री शिक्षक आणि पालक बसून पाकिटं चिकटवतात आणि मुलांच्या नावावर खपवतात. गठ्ठा पोचवायला दोन मुलांनी जायचं, वहीवर दुकानदाराची सही आणि पैसे त्यांनीच घ्यायचे.

नोंद आणि घर

प्रत्येक फेरीनंतर त्याच दिवशी नोंद करा. आठ पायऱ्यांपुढे चारांपैकी एक खूण : स्वतः, खुणेने, तोंडी सांगून, हात धरून. लागोपाठ तीन फेऱ्यांत एखादी पायरी स्वतः झाली की दुकान बदला. महिनाभर एखादी पायरी हललीच नाही तर ती फार मोठी आहे, तिचे दोन तुकडे करा.

मग पालकांना शाळेत नाही, त्या गाळ्यावर बोलवा. चार पावलं मागे उभं राहून त्यांनी नुसतं बघायचं. घराजवळचं एक दुकान, एक वस्तू आणि एक वार त्यांच्याकडून ठरवून घ्या : शनिवार, कोपऱ्यावरची डेअरी, दह्याची एक पिशवी. दोन आठवडे आई किंवा बाबा सोबत, नंतर रस्त्याच्या अलीकडून नजर. भाजीवाल्याला सांगितलेल्या त्याच तीन गोष्टी डेअरीवाल्यासाठी त्यांना लिहून द्या.