पलटणीच्या जुन्या ग्रुप फोटोतील आपला माणूस कसा ओळखावा

पलटणीचा जुना ग्रुप फोटो हाती आला की बहुतेक घरांत पहिली गोष्ट चुकीची घडते. कोणीतरी एका चेहऱ्यावर बोट ठेवतो, ‘नाक बघा, अगदी आपल्या काकांचे’ असे म्हणतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलेली प्रत सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचलेली असते. त्यानंतर ते नाव त्या चेहऱ्यावरून सहसा निघत नाही. ओळख चुकीची असेल तर आपण आपल्या आजोबांना हरवतोच, शिवाय दुसऱ्या कोणाच्या तरी आजोबांची जागा त्यांच्या घराकडून कायमची काढून घेतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की चेहरा सर्वांत शेवटी पाहावा. आधी पलटण, मग काळ, मग हुद्दा आणि कागद पाहावेत, आणि या सर्वांतून जे थोडे चेहरे उरतील त्यांच्याकडेच निरखून पाहावे.

येथे मुख्यतः मराठा पलटणींची उदाहरणे घेतली आहेत. महार रेजिमेंट, खडकीचे बॉम्बे सॅपर्स आणि जुन्या पायोनियर पलटणी यांच्या फोटोंनाही हीच रीत लागू पडते.

फोटोची प्रत

किमान सहाशे डीपीआयवर स्कॅन करावे आणि मागील बाजू, पुठ्ठ्याची कड व स्टुडिओचा शिक्का यांचेही स्कॅन घ्यावे. फोटो काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा.

पलटण आणि काळ

खांद्यावरील पितळी अक्षरे प्रथम वाचावीत. त्यांत 103, 105, 110, 114, 116 किंवा 117 असा तीन आकडी क्रमांक दिसला, तर तो माणूस 1922 पूर्वीच्या मराठा पलटणीतला आहे. 1922 च्या पुनर्रचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या. 103 ची पहिली बटालियन झाली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी आणि 117 ची पाचवी, तर 114 कडे प्रशिक्षणाचे काम आले. घरातील वृद्ध मंडळींना क्रमांक आठवत नसतो, पण ‘आजोबा जंगी पलटणीत होते’ किंवा ‘काळी पांचवीत होते’ एवढे आठवत असते. ही आठवण मोलाची आहे, कारण जंगी पलटण म्हणजे पहिली बटालियन आणि काळी पांचवी म्हणजे दुसरी.

छातीवरील रिबनी काळ सांगतात. आफ्रिका स्टार हे पदक 1943 मध्ये सुरू झाले, तर बर्मा स्टार व इटली स्टार 1945 मध्ये. त्यामुळे यांपैकी एखादी रिबन ज्या फोटोत आहे तो फोटो त्या वर्षापूर्वीचा असू शकत नाही. मात्र रंगांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळच्या बऱ्याच प्लेटी व फिल्मी तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. त्यांवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट दिसतो. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड आणि पाचव्या डिव्हिजनचा काळ्या पार्श्वभूमीवरील लाल गोळा, ही दोन्ही बाहीवरची चिन्हे अशा फोटोत केवळ काळा चौकोन वाटू शकतात. आजच्या डोळ्यांनी गडद पट्टी पाहून ती निळी असल्याचे ठरवू नये.

पलटणीचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. पहिल्या महायुद्धात 103 आणि 110 या पलटणी आजच्या इराकमधील कुत-अल-अमारा येथील वेढ्यात होत्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या फोटोत खांद्यावर क्रमांक तोच असला तरी माणसे बहुतांशी नवी आहेत, कारण जुने जवान तुर्कांच्या कैदेत होते. दुसऱ्या महायुद्धात दुसरी बटालियन जून 1942 मध्ये लिबियातील तोब्रुक येथे पकडली गेली. आपला माणूस तेथे कैद झाला असेल, तर 1943 च्या कोणत्याही पलटणी फोटोत त्याला शोधणे व्यर्थ आहे.

कागद

फोटोइतकेच श्रम कागदांवर घ्यावे लागतात. सर्वांत उपयुक्त कागद म्हणजे शीट रोल, म्हणजेच जवानाच्या नोकरीचा नोंद-कागद. त्यात नंबर, वडिलांचे नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख, बढत्यांच्या तारखा आणि अंगावरील ओळखीच्या खुणा लिहिलेल्या असतात. मराठा पलटणींसाठी बेळगाव येथील रेकॉर्ड ऑफिसकडे वारसाने अर्ज करावा. ठरावीक काळानंतर शीट रोल नष्ट केले जातात, म्हणून अर्जात लाँग रोलमधील, म्हणजे भरती झालेल्यांच्या नोंदवहीतील, नोंदीचा उतारा स्वतंत्रपणे मागावा. ती नोंद कायम ठेवली जाते. घरात पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल किंवा व्हिक्टरी मेडल असेल तर भिंगाने त्याची कड पाहावी. तेथे नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. पदक घासून चकचकीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण घासताना ही अक्षरेच आधी जातात.

नंबराला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की मराठा पलटणीच्या कागदांवर सहसा फक्त नाव आणि आडनाव असते, वडिलांचे नाव मधे नसते. त्यामुळे एकाच बटालियनमध्ये तीन-चार ‘रामा शिंदे’ सहज सापडतात. गावात बापू म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदावर रामचंद्र असतो, आणि भरतीच्या वेळी सांगितलेले वय खरे असेलच असेही नाही. युद्धात मृत्यू पावलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते, पण तेथे इंग्रजी स्पेलिंगची अनेक रूपे वापरून पाहावीत आणि पूर्ण नाव कधी कधी आडनावाच्याच रकान्यात असते हे लक्षात ठेवावे. जिल्हेही तेव्हाचे असतात. आजचा रायगड तेथे कुलाबा आहे, आजचा सिंधुदुर्ग बहुतांशी रत्नागिरी आहे, आणि औंध, फलटण, भोर, सावंतवाडी किंवा कोल्हापूर या संस्थानांतील गावांपुढे संस्थानाचे नाव येते.

हुद्दा आणि तारीख यांची सांगड

बाहीवर एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खांद्यावर एक छोटा स्टार असला तर जमादार, दोन असले तर सुभेदार. शीट रोलप्रमाणे आपला माणूस 1941 मध्ये नाईक आणि 1943 मध्ये हवालदार झाला असेल, आणि फोटो 1942 चा असल्याचे अन्य पुराव्यावरून ठरले असेल, तर त्या फोटोत फक्त दोन फितींची माणसे पाहायची आहेत. शंभर चेहऱ्यांच्या फोटोत असे चेहरे मोजकेच निघतात. बाहीवरील कसबाच्या खुणाही पाहाव्यात. सिग्नलवाल्याचे एकमेकांवर टेकलेले दोन झेंडे किंवा निशाणबाजाच्या तशाच बंदुका दिसल्या आणि त्या शिक्षणाची नोंद कागदात असली, तर यादी आणखी आटते.

बसण्याची रीतही सहसा ठरलेली असे. मधल्या खुर्च्यांवर इंग्रज अधिकारी, त्यांच्या दोन्ही बाजूंना सुभेदार व जमादार, मागे उभे हवालदार, नाईक व शिपाई, आणि पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेले जवान असत. खाली नावे छापली असतील तर ती पाहणाऱ्याच्या डावीकडून असतात. तरीही एकेका ओळीतील डोकी आणि नावे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. पंधरा डोकी आणि चौदा नावे निघाली, तर अर्धवट झाकलेला एखादा चेहरा सुटला आहे किंवा ओळीच चुकीच्या धरल्या आहेत. प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याला क्रमांक द्यावा. पायऱ्यांवर घेतलेल्या फोटोत दोन ओळी एकमेकींत कशा मिसळल्या आहेत हे तेव्हाच उघड होते.

चेहरा

सर्वांत कठीण टप्पा हाच आहे. मला याच टप्प्याने सर्वांत अधिक दमवले आणि लोकांना सर्वाधिक वाईट सल्ला मिळतो तोही येथेच. ‘घराण्याचा चेहरा लपत नाही’ हा त्यांतला सर्वांत घातक. भरती गावागावांतून आणि भावकीतून होत असे. चुलत भाऊ, मावसभाऊ, मेहुणे एकाच कंपनीत असत. साम्य दिसले म्हणजे तो माणूस आपल्या भावकीतला असण्याचा संभव वाढतो, तो आपला आजोबाच आहे असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. शिवाय घरातल्यांना आजोबा आठवतात ते सत्तरीतले, आणि फोटोतला मुलगा विशीतला असतो. गाल, केस, मिशा आणि अंगलट यांची तुलना या दोन वयांमध्ये होऊच शकत नाही.

मग काय पाहावे? कानाच्या आतील वळ्या, कानाची पाळी डोक्याला जोडलेली आहे की सुटी, भुवयांची ठेवण, दोन डोळ्यांमधील अंतर आणि हनुवटीची खळी. कान वयाबरोबर लांबतो, पण आतील वळ्यांची घडण ओळखण्याइतकी टिकते. दुर्दैवाने पगडीखाली कानाचा वरचा भाग झाकलेला असतो, त्यामुळे पाळी आणि तिच्यालगतचा भागच पुष्कळदा हाती लागतो. शीट रोलमध्ये ‘डाव्या गालावर तीळ’ किंवा ‘कपाळावर व्रण’ अशी खूण असेल, तर ती दहा नातेवाइकांच्या मतांपेक्षा अधिक वजनाची आहे. मात्र त्याआधी फोटो उलटा छापलेला नाही ना, हे तपासावे. रिबनी माणसाच्या डाव्या छातीवर असतात. त्या उजवीकडे दिसल्या तर निगेटिव्ह उलटी लावली गेली आहे, आणि मग डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर शोधावा लागेल.

वडीलधाऱ्यांना विचारण्याची पद्धत सुधारणे फार आवश्यक आहे. एका चेहऱ्यावर बोट ठेवून ‘आजी, हेच ना आजोबा?’ असे विचारले की ऐंशी वर्षांची आजी प्रेमाने ‘हो’ म्हणते, आणि त्या होकाराला पुरावा म्हणून काही किंमत राहत नाही. पोलीस जशी ओळख परेड घेतात तसे करावे. कोणतीही खूण नसलेला पूर्ण फोटो, मोठा छापून, प्रत्येकाला वेगवेगळा दाखवावा. इतर कोणी खोलीत नसावे. ‘यात ओळखीचे कोणी दिसते का?’ एवढेच विचारावे, आणि कोणीच दिसत नाही हे उत्तरही तितक्याच काळजीने लिहून ठेवावे. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच चेहऱ्यावर बोट ठेवले आणि तो चेहरा हुद्दा व तारीख यांच्या चाळणीतून उरलेल्यांपैकी असला, तर ती ओळख विचारात घेण्यासारखी आहे. बोट ज्याच्यावर पडले तो तीन फितींचा निघाला आणि आपला माणूस त्या वर्षी साधा शिपाई असल्याचे कागद सांगत असतील, तर कितीही वाईट वाटले तरी कागद मानावा.

फोटो स्पष्ट करणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या अ‍ॅपबद्दल माझे मत कठोर आहे. ओळख पटवण्यासाठी त्यांचा वापर करूच नये. मूळ फोटोत चेहरा तांदळाएवढा असेल, तर त्यात डोळ्यांची पापणी किंवा कानाची वळी यांची माहितीच नसते. अ‍ॅप ती इतर हजारो चेहऱ्यांवरून रचून भरते. समोर येतो तो स्वच्छ, सुंदर आणि त्या फोटोत कधीच नसलेला चेहरा. अशा प्रतीवर वडीलधाऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि म्हणूनच ती त्यांना ओळख पटण्यापूर्वी दाखवू नये. दोन फोटो जुळतात की नाही हे सांगणारी अ‍ॅपही दाट मिशा, पगडी आणि पुसट दाणे यांपुढे भरवशाची नाहीत. उजेड आणि कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करणे वेगळे. त्याने माहिती वाढत नाही, पण खोटी माहितीही शिरत नाही.

नोंद

ओळख लिहिताना ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘शक्य’ असे तीनच शब्द वापरावेत आणि प्रत्येकापुढे आधार लिहावा. छापील नाव आणि नंबर जुळला तर ‘नक्की’. हुद्दा, तारीख आणि दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या तर ‘बहुधा’. केवळ साम्य आणि पलटण जुळली तर ‘शक्य’, त्याहून वरचा शब्द नाही. मूळ फोटोवर काहीही लिहू नये. मऊ पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून तो फोटोसोबत ठेवावा आणि स्कॅनच्या फाइलमध्येही तीच नोंद घालावी. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि एक पलटणीच्या केंद्राला पाठवावी, कारण त्याच फोटोतील दुसऱ्या माणसाचे नातू कधी तरी तेथे चौकशी करतील. ज्यांची ओळख पटली नाही त्यांचीही नोंद करावी: ‘तिसरी ओळ, डावीकडून पाचवा, नाईक, बाहीवर सिग्नलचे झेंडे, नाव अज्ञात’. अशा नोंदीवरून दुसरे घर आपला माणूस शोधू शकते.