उन्हाळी परसबागेसाठी घरातच रोपे
मराठवाड्यात, विशेषतः परभणीकडे, जानेवारीच्या रात्री पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो आणि २५ ते ३० अंशांत उत्तम उगवणारे मिरची, वांगी व टोमॅटोचे बी अंगणातल्या गार मातीत रेंगाळते. म्हणून ही रोपे घरातच तयार करावीत. तळाला छिद्रे पाडलेल्या पेल्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळखत समप्रमाणात भरून बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. पाणी फवाऱ्यानेच द्यावे. उत्साहाने ओतलेल्या पाण्यानेच रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. कोंब दिसताच पेले उजेडाच्या खिडकीत ठेवावेत, अन्यथा रोपे उंच व लेचीपेची होतात. काकडी-दोडक्याच्या मुळांना धक्का सोसत नाही, त्यांना स्वतंत्र कागदी पेला द्यावा. चार-पाच पाने आल्यावर आठवडाभर थोडे थोडे ऊन दाखवून फेब्रुवारीत संध्याकाळी लावणी करावी.