सपोर्टमध्ये नोकरी लागली म्हणून हिरमुसला असाल तर

इंजिनिअरिंग करून सपोर्टला लागलं की घरात कुणी पेढे वाटत नाही. माझंही तेच झालं. पुण्यात रात्रपाळी, समोर न संपणारी टिकेटांची, म्हणजे ग्राहकांनी नोंदवलेल्या अडचणींची, रांग, आणि भेटेल त्या नातेवाइकाचा एकच प्रश्न, “डेव्हलपमेंटला कधी जाणार?” ज्या झेनडेस्कवर, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी हाताळायच्या (हेल्पडेस्क) सॉफ्टवेअरवर, मी रात्रभर टिकेटं बंद करायचे, ते मुळात कुणी बनवलं हे एकदा शोधलं. तेव्हा मिकेल स्वाने हे नाव कळलं.

स्वाने कोपनहेगनचे. मोठ्या कंपन्यांना हेल्पडेस्क सॉफ्टवेअर बसवून देण्याच्या व्यवसायात त्यांची आधीची वर्षं गेली. ते सॉफ्टवेअर महागडं आणि बोजड, आणि रोज वापरणाऱ्याचा विचार त्यात सगळ्यात शेवटी. हा त्रास जवळून पाहिलेले तिघे मित्र २००७ मध्ये एकत्र आले. मॉर्टन प्रिमडाल यांच्याकडे तंत्रज्ञान, अलेक्झांडर अघासीपूर यांच्याकडे प्रॉडक्टचं रूप, आणि स्वाने मुख्य अधिकारी. कामाची जागा म्हणजे अलेक्झांडर यांचं घर! ब्राउझरमध्ये उघडा, वापरून बघा, पटलं तर महिन्याचे पैसे भरा, इतकी साधी त्यांची मांडणी होती. ज्या कामाला सगळे कंटाळवाणं म्हणत होते, त्याच कामातली माहिती त्यांना उपयोगी पडली. मला हे वाचून खरंच धीर आला.

२००९ मध्ये अमेरिकी गुंतवणूक मिळाली आणि कंपनी आधी बोस्टनला, मग सॅन फ्रान्सिस्कोला गेली.

नव्याने लागलेल्या प्रत्येकाने २०१० चा मे महिना मात्र नीट अभ्यासावा. झेनडेस्कने दर वाढवले, तेही जुन्या ग्राहकांसकट. ग्राहक भडकले. ज्यांचा धंदाच तक्रारी ऐकायला मदत करण्याचा, त्यांच्याविरुद्धच तक्रारींचा पूर आला. काही दिवसांतच स्वाने यांनी जाहीर माफी मागून जुन्या ग्राहकांचे दर पूर्ववत ठेवले. मी हे वाचलं त्याच आठवड्यात माझ्या हातून एका ग्राहकाचं टिकेट चुकून बंद झालं होतं. वरिष्ठांचा सल्ला होता, “सिस्टिमचा घोळ सांग.” मी “चूक माझी आहे” असं लिहून टिकेट पुन्हा उघडलं. तो ग्राहक पुढे दोन वर्षं माझंच नाव घेऊन फोन करायचा.

मे २०१४ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, ९ डॉलरच्या भावाने. पण पुढची वाट सरळ नव्हती. ऑनलाइन सर्वेक्षणं करणाऱ्या सर्वेमंकीची मालक कंपनी विकत घेण्याचा झेनडेस्कचा बेत २०२२ च्या फेब्रुवारीत तिच्याच भागधारकांनी मतदानात हाणून पाडला. त्याच महिन्यात झेनडेस्कने स्वतःच्या खरेदीसाठी आलेली शेअरमागे १२७ ते १३२ डॉलरची बोली नाकारली होती, जूनमध्ये ७७.५० डॉलरवर कंपनी विकण्याचा सौदा ठरला. सौदा पुरा झाला आणि स्वाने पायउतार झाले. यशोगाथा सांगणारे हा भाग गाळतात, म्हणून मी मुद्दाम सांगतेय.

तुमचे पहिले सहा महिने असे घालवा. टिकेट बंद केल्यावर एका वहीत एक ओळ लिहा: ग्राहकाला नेमकं कुठे अडलं, त्याच्याच शब्दांत. एकच अडचण दहादा आली की ती प्रॉडक्टच्या टीमकडे घेऊन जा, तारखा आणि टिकेट क्रमांकांसह. माझी बदली झाली ती मुलाखतीत ही वही टेबलावर ठेवली म्हणून.