परड्यापर्यंत वायफाय: घरात ॲक्सेस पॉईंट बसवायचा कसा

आपल्या बेळगावकडची जुनी घरं रुंदीला कमी आणि लांबीला लई. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं. फायबरवाला येतो, खांबावरनं वायर ओढतो आणि आत आल्याआल्या जो पहिला खिळा दिसेल त्याला डबा, म्हणजे राउटर, अडकवून जातो. सोप्यात उभा राहून स्पीड टेस्ट काढून दाखवतो, १०० चे १०० येतात, सगळे खूष. आणि मागच्या खोलीत पोरगं मोबाईल घेऊन बसलं की नुसतं चाक फिरायलंय. ह्यात नेटचा काही दोष नाही ओ, मधल्या भिंतींचा आहे. खानापूर-जांबोटी साईडला जांभ्या चिऱ्याच्या भिंती, गावात जुन्या गल्लीतनं दगडमातीच्या, दीड-दीड फुटी, अशा दोन भिंती ओलांडल्या की सिग्नल संपला म्हणून समजा. त्यात स्वयंपाकघरात मांडणीभर स्टीलचे डबे, फ्रीज, न्हाणीत तांब्याचा हंडा, हे सगळं धातूचं सामान सिग्नल अडवतंय ते वेगळंच.

मग लोक काय करतात, प्लगात खोचायचा रिपीटर आणतात. तो स्वस्त आहे, पाच मिनिटात चालू होतो, मोबाईलवर दांड्या पण फुल दिसतात, पण स्पीड येत नाही. कारण रिपीटरला स्वतःलाच हवेतनं जेवढं मिळतंय तेवढंच तो पुढं देणार, आणि एकाच रेडिओवर घेणं आणि देणं दोन्ही करत असेल तर त्यातलं पण निम्मं जातंय. म्हणून माझं स्पष्ट मत, घरात वायर टाकायला कुठनं तरी वाट असेल तर रिपीटरच्या नादाला लागूच नका. मेन डब्यापासनं एक लॅन केबल मागं न्यायची आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉईंट लावायचा, म्हणजे केबलनं आलेलं नेट वायफाय करून देणारा दुसरा डबा. भिंतीचं जे काय आहे ते केबल बघून घेते, वायफायला फक्त त्या खोलीपुरतं काम उरतं.

ॲक्सेस पॉईंट म्हणून नवीनच वस्तू पाहिजे असं पण नाही. कपाटात जुना राउटर पडला असेल तर तो पण चालतोय, सेटिंग थोडं जास्त करायला लागतं एवढंच, ते खाली सांगतो. नवीन घेणार असाल तर दोन गोष्टी बघून घ्या, ड्युअल बँड पाहिजे म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही, आणि लॅन पोर्ट गिगाबिट पाहिजे. स्वस्तातल्या डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असतंय आणि मागं पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचा, मग २०० चा प्लॅन घेऊन पण ९४-९५ च्या वर काटा सरकत नाही. छताला लावायचा गोल ताटलीसारखा मॉडेल घेतला तर तो बहुतेक पीओईवर चालतो, म्हणजे करंट पण त्याच लॅन केबलमधनं जातो, छताजवळ वेगळा प्लग काढायची भानगड नाही. फक्त पीओईत प्रकार आहेत, ८०२.३एएफ हा १५.४ वॅटचा, ८०२.३एटी हा ३० वॅटचा, आणि काही कंपन्यांचा २४ व्होल्टचा पॅसिव्ह. पॅसिव्हवाला इंजेक्टर (केबलमधे करंट सोडणारा छोटा डबा) समोर काय जोडलंय ते न विचारताच करंट सोडतो, म्हणून बॉक्समधे जो इंजेक्टर आलाय तोच वापरा, दुसऱ्याचा आणून लावू नका.

आता जागा. केबल आणायच्या आधी हे ठरवा, नाहीतर केबल जिथं संपली तिथं ॲक्सेस पॉईंट असं होतंय. मोबाईलवर वायफाय ॲनालायझरसारखं कुठलं पण ॲप टाका आणि सगळं घर एकदा चालून या. ॲपमधे मायनसमधे आकडा दिसतो, मायनस ५० म्हणजे झकास, मायनस ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात होतो, मायनस ७५ च्या खाली गेला की तिथं वायफाय नावालाच. मेन डब्याचा सिग्नल जिथं मायनस ७० च्या आसपास येतोय त्याच्या थोडं पुढं, जिथं बसून तुम्ही खरोखर वापरणार त्या खोलीत दुसरा लावा. उंचावर लावा, मोकळ्यावर लावा. कौलारू घर असेल तर तुळईला चालतोय, पण कौलातनं पाणी गळतंय ती जागा सोडून. पत्र्याचं शेड असेल तर पत्र्याच्या खाली लावा, वर नको, पत्रा सगळं परतवून लावतो. शहापूर-वडगावला मागाच्या खोलीत लावणार असाल तर मागाच्या पाठीमागच्या कोनाड्यात ठेवू नका, तो सगळा लोखंडी सांगाडा मधे येतो. वर, दोन मागांच्या मधे, मोटरपासनं लांब. आणि धाग्याचं तूस बारीक भोकात जाऊन बसतंय, डबा तापायला लागतो, अधनंमधनं कोरड्या ब्रशनं झाडायचं.

सगळ्यात जास्त डोकं केबलला लावा, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, केबल नाही. घराला रंग काढणार असाल तर त्याच्या आधी टाका म्हणजे घरच्यांच्या शिव्या वाचतील. कॅट ५ई नी पण एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातंय, कॅट ६ घेतली तर उत्तम, त्याच्यावरची घरात कशाला लागत नाही. बघायचं एकच, आतली तार शुद्ध तांब्याची आहे का. बाजारात सीसीए म्हणून मिळते, वरनं तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. दुकानात टोकाची एक तार ब्लेडनं खरडून बघा, आत पांढरी निघाली तर परत ठेवा. पीओई त्या तारेवर लांब अंतर नेलं तर व्होल्टेज पडतं, तार तापते, आणि थोडी जास्त वाकवली तर तुटते. सीसीए स्वस्त असते म्हणून लोक घेतात, पण एवढ्या भिंती फोडून ती टाकायची म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

भिंतीला भोक पाडताना चिरा मऊ असतो, ड्रिल लोण्यासारखं जातं, पण लांब बिट पाहिजे, साध्या बिटनं अर्ध्या भिंतीतच थांबावं लागतं. कनेक्टर लावलेली तयार केबल आणली तर भोक १५-१६ मिलिमीटरचं पाडायला लागतं, मोकळी केबल असली तर ८ मिलिमीटरमधनं निघून जाते, म्हणून आधी केबल ओढा आणि कनेक्टर मागनं लावा. भोक बाहेरच्या भिंतीला असेल तर आतनं बाहेर थोडं उतरतं पाडा, नाहीतर जूनमधे पाऊस लागला की पाणी त्याच वाटेनं घरात. बाहेरनं येणारी केबल पण भोकाच्या खाली थोडी लोंबती ठेवून मग वर आत घ्या, पाणी तिथंच ठिबकून जातं. लाईटच्या वायरच्या पट्टीत लॅन केबल कोंबू नका, शेजारनं न्यायचीच झाली तर वीतभर अंतर ठेवा, आडवी ओलांडायची असली तर काटकोनात ओलांडा. खिळे मारताना केबलवर दाबून मारू नका, वळण पण गोल द्या, एकदम घडी घालू नका.

कनेक्टर लावायला क्रिम्पिंगचं हत्यार आणि तारांचा क्रम एवढंच लागतं. क्लिप खाली आणि तोंड तुमच्याकडनं पलीकडं धरलं की डावीकडनं असा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना सेम. हिरव्याच्या जोडीत मधे निळी जोडी घुसते तिथंच सगळे चुकतात, सरळ रंगाला रंग लावून जातात. बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नुसत्या बारीक तारा बाहेर दिसायला लागल्या तर ते टोक आठ दिवसात सैल होणार. टेस्टर असेल तर आठही दिवे क्रमानं लागले पाहिजेत. टेस्टर नसेल तर लॅपटॉप लावून लिंक स्पीड बघा. १ गिगाबिट यायच्या ऐवजी १०० दाखवत असेल तर समजायचं की एखादी तार बसलेली नाही, कारण १०० ला चारच तारा पुरतात आणि गिगाबिटला आठच्या आठ लागतात. नेट चालतंय की म्हणून तसंच सोडू नका, टोक कापून परत लावा.

आता सेटिंग. नवीन ॲक्सेस पॉईंट असेल तर काम सोपं, त्याच्या तळाला स्टिकरवर पत्ता आणि पहिला पासवर्ड असतो, ब्राउझरमधे जायचं, मोड विचारला की ॲक्सेस पॉईंट मोड निवडायचा, संपलं. जुन्या राउटरमधे पण आधी तो मोड आहे का शोधा. नसेल तर हाताने करायचं, आणि क्रम महत्त्वाचा आहे. मेन डब्याला न जोडता आधी लॅपटॉप केबलनं त्या जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला लावा. वायफायचं नाव, पासवर्ड सगळं भरून घ्या. मग लॅन सेटिंगमधे त्याचा आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, बदला. मेन डबा १९२.१६८.१.१ असेल तर ह्याला १९२.१६८.१.२ द्या, पण मेन डब्याची डीएचसीपी रेंज (मोबाईल-लॅपटॉपला आपोआप वाटायचे आयपी नंबर) बघा, ती २ पासनंच चालू होत असेल तर तिथं ती १०० पासनं चालू करा, नाहीतर हाच नंबर उद्या कुणाच्या तरी मोबाईलला जाईल. सेव्ह केल्यावर नवीन पत्त्यावर परत लॉगिन करा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. हे आधी बंद केलं तर लॅपटॉपला आयपीच मिळत नाही आणि तुम्ही बाहेर.

डीएचसीपी बंद करायला विसरलं तर गंमत होते. एकाच रेशन दुकानात दोघं जण वेगवेगळे टोकन वाटायला बसले तर जे होईल तेच. कुणाचा मोबाईल चालतो, कुणाचा "कनेक्टेड, नो इंटरनेट" म्हणतो, बंद करून चालू केला की उलटं होतं, आणि घरातले सगळे फायबरवाल्याला फोन लावत बसतात. तसंच मेन डब्याकडनं आलेली केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला लावायची, वॅनला (बाहेरचं नेट आत घ्यायच्या पोर्टला) नाही. वॅनला लावली तरी नेट चालतं, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात, मागच्या खोलीतल्या मोबाईलवरनं पुढच्या टीव्हीला कास्ट होत नाही, प्रिंटर सापडत नाही.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडं एकच ठेवा, अक्षर न अक्षर, स्पेससकट. मग मोबाईल घेऊन चालत गेलं की तो आपोआप दुसऱ्या डब्याला पकडतो. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा, किंवा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स असेल तर ते. टीकेआयपी ही जुनी पद्धत ठेवली तर स्पीड ५४ च्या वर जातच नाही. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय) बंद करा. आणि पासवर्ड म्हणून घरच्यांचा मोबाईल नंबर ठेवायची जी पद्धत पडलीय ती सोडा ओ, अख्ख्या गल्लीला तो नंबर पाठ असतो.

चॅनेल ऑटोवर सोडू नका. २.४ मधे १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत घुसत नाहीत, पुढं १ ठेवला तर मागं ११ ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ मधे पुढं ३६ आणि मागं १४९, रुंदी गावात शेतवडीच्या घराला ८० चालते, खडेबाजारसारख्या दाटीत ४० बरी. ५२ ते १४४ मधले चॅनेल घेऊ नका, रडारची चाहूल लागली की डब्याला ते सोडायला लागतात आणि मधेच वायफाय गायब होतं. पॉवर फुल ठेवायचा मोह होतो, पण २.४ ची पॉवर मिडीयमला आणा. फुल ठेवली की मोबाईल सोप्यातल्या डब्यालाच चिकटून बसतो, शेजारी नवीन डबा असून पण तिकडं जात नाही, आणि आपण म्हणतोय की एवढा खर्च करून काय उपयोग झाला.

करंटचं पण बघा. लाईट गेली की मेन डबा इन्व्हर्टरवर आणि मागचा ॲक्सेस पॉईंट साध्या प्लगवर असेल तर अर्ध्या घरात अंधार आणि नेट पण नाही. पीओई असेल तर इंजेक्टर मेन डब्याशेजारीच ठेवा, एकाच १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर दोन्ही चालतील असं मात्र धरून चालू नका, इंजेक्टरला किती व्होल्ट लागतात ते त्याच्यावर वाचा, नाहीतर सरळ इन्व्हर्टरच्या प्लगला लावा. वळवाचा पाऊस सुरू झाला, ढग गडगडायला लागले की प्लग काढा. आणि गोठ्यावर किंवा पलीकडच्या भावाच्या घरात नेट न्यायचं म्हणून उघड्यावरनं तांब्याची लॅन केबल ओढू नका, विजेचा झटका त्या वाटेनं दोन्ही घरातल्या डब्यात शिरतो. तिथं फायबर टाकून दोन्ही टोकाला मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबल जोडून देणारा डबा) लावा, काचेच्या तारेतनं वीज येत नाही.

सगळं झालं की एका कागदावर ॲक्सेस पॉईंटचा आयपी आणि लॉगिनचा पासवर्ड लिहून डब्याच्या पाठीमागं चिकटवा. फायबरवाल्यानं उद्या मेन डबा बदलला आणि नवीन डबा १९२.१६८.१ च्या ऐवजी १९२.१६८.० वाला निघाला तर मागं नेट चालू राहील, पण ॲक्सेस पॉईंटचं पान उघडणार नाही. तेव्हा लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० असा आयपी द्यायचा, सबनेट २५५.२५५.२५५.०, कागदावरच्या पत्त्यावर आत शिरायचं आणि तिथला आयपी नवीन रेंजमधे बदलून टाकायचा. लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर करायला विसरू नका.